निनावी एंजिन-ठोकळ्याची ओळख

जुन्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या कारखान्यांच्या कोपऱ्यात बिडाचे काही ठोकळे पडलेले असतात. त्यांत ओळीने चार गोल पोकळ्या असतात, बाजूंना पाणी खेळविण्याच्या वाटा असतात, आणि सर्वांगावर तेल व धूळ यांचा काळा थर चढलेला असतो. असा ठोकळा म्हणजे मोटारीच्या एंजिनाचा मुख्य भाग होय. कारागीर त्यास ब्लॉक म्हणतात. त्यावर क्रमांकाची पट्टी नसली, तर तो कोणत्या गाडीचा, किती शक्तीचा व कोणत्या काळातला, हे कसे ठरवावे?

प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. चुकीच्या मापाचे दट्टे आणले तर पैसा वाया जातो. चुकीचे झाकण बसविले तर झडपा ठोकळ्यावर आपटून मोडतात. आधीच पातळ झालेली सिलिंडरची भिंत पुन्हा कापली तर ती फुटते. शिवाय गाडीच्या नोंदणी-प्रमाणपत्रावर एंजिनाचा क्रमांक नमूद असतो. ज्या ठोकळ्यावर क्रमांक नाही, तो प्रामाणिक मार्गाने आला की चोरीचा आहे, हा प्रश्नही त्याबरोबर उभा राहतो. म्हणून ठोकळ्याची ओळख पटविणे हे मोजमापाचे, तर्काचे आणि काही अंशी न्यायाचेही काम आहे.

उदाहरणार्थ घेतलेले कुल

ही पद्धत समजण्यासाठी एकच कुल नीट पाहणे सोयीचे ठरेल. त्यासाठी इंग्लंडातील ‘ए-सीरीज’ या नावाने प्रसिद्ध असलेले लहान एंजिन येथे निवडले आहे. १९५१ साली ऑस्टिन ए३० या छोट्या गाडीत ते प्रथम आले. पुढे १९५२ मध्ये मॉरिस मायनर या गाडीत आणि १९५९ मध्ये ॲलेक इसिगॉनिस यांनी आखलेल्या मिनी या गाडीत ते बसविण्यात आले. मिनीचे उत्पादन २००० साली थांबले, तोवर हे एंजिन निरनिराळ्या मापांत तयार होत राहिले. बंगालमधील उत्तरपाडा येथे हिंदुस्थान मोटर्सने काढलेली बेबी हिंदुस्थान ही गाडीही मॉरिस मायनरवरच आधारलेली होती.

सुमारे पन्नास वर्षे चाललेल्या या कुलात बाह्य रूपाने एकमेकांसारखे, पण आतून भिन्न असे अनेक ठोकळे निर्माण झाले. त्यामुळेच अभ्यासास ते फार उपयुक्त आहे.

क्रमांक नाहीसा का होतो

ए-सीरीज एंजिनाचा क्रमांक एका लहानशा धातूच्या पट्टीवर ठोकलेला असे, आणि ती पट्टी डायनामोच्या बाजूस, ठोकळ्याच्या वरच्या कडेजवळ रिव्हेटांनी बसविलेली असे. क्रमांकाच्या आरंभीच्या आकड्यांवरून एंजिनाचे घनफळ शेकड्यांत कळे. मॉरिस मायनरच्या बाबतीत ‘९एम’ ही अक्षरे ९४८ घनसेंटिमीटरचे आणि ‘१०एमए’ ही १०९८ घनसेंटिमीटरचे एंजिन दर्शवीत.

परंतु रिव्हेट तुटले की पट्टी गळून पडते. ठोकळा धुताना, रंगविताना किंवा यंत्रावर चढविताना ती काढून ठेवली जाते व हरवते. एका ठोकळ्याची पट्टी दुसऱ्यावर लावणेही अवघड नाही. तेव्हा पट्टी असणे हा निर्णायक पुरावा नव्हे आणि पट्टी नसणे हा अपराधाचाही पुरावा नव्हे. पट्टी काय सांगते ते टिपून घ्यावे. पण ठोकळा स्वतः काय सांगतो, हे त्याहून महत्त्वाचे आहे.

ओतीव आकडे आणि ठोकलेले आकडे

ठोकळा तारेच्या ब्रशाने व रॉकेलने स्वच्छ केल्यावर त्याच्या अंगावर काही आकडे दिसू लागतात. ते दोन प्रकारचे असतात, आणि त्यांतील भेद प्रथमच ओळखला पाहिजे.

पहिल्या प्रकारचे आकडे पृष्ठभागाच्या वर उठलेले असतात. वितळलेले बीड ज्या साच्यात ओतले गेले, त्या साच्याच्या फर्म्यावरच ते कोरलेले असतात. आकड्यांवर खडू आडवा घासला म्हणजे उठावदार भाग पांढरा होऊन ते वाचता येतात. हा ओतकामाचा क्रमांक असतो. तो फर्म्याची ओळख देतो, तयार एंजिनाची नव्हे. एकाच फर्म्यातून निघालेले ठोकळे पुढे वेगवेगळ्या मापांत कापले जाऊ शकतात. झाडावरचे आंबे एकाच जातीचे असले, तरी कोणाचे लोणचे झाले व कोणाचा आमरस, हे झाडावरून कळत नाही. तसाच हा प्रकार आहे. सिलिंडरांवर बसणाऱ्या झाकणावर, म्हणजे हेडवर, असेच आकडे असतात. ‘१२जी ९४०’ हा क्रमांक मोठ्या १२७५ घनसेंटिमीटरच्या एंजिनांवरील झाकणाचा म्हणून जाणकारांना परिचित आहे. पण झाकण सुटे करून बदलता येते. म्हणून झाकणावरील क्रमांकावरून खालच्या ठोकळ्याविषयी निष्कर्ष काढणे धोक्याचे असते.

दुसऱ्या प्रकारचे आकडे पृष्ठभागात खोल गेलेले असतात. ते पोलादी ठशाने, हातोडीच्या आघाताने उमटविलेले असतात. ते कारखान्यातील असतील, तसे नंतरच्या एखाद्या कारागिराचेही असू शकतील. त्यांची रेषा वाकडी आहे का, ठशांचा आकार सारखा आहे का, शेजारी कानस फिरविल्याच्या खुणा आहेत का, हे भिंगाखाली पाहावे.

डोळ्यांनी होणारी पहिली पारख

मोजमाप सुरू करण्यापूर्वी ठोकळ्याचे एकंदर रूप पाहून शक्यतांची संख्या कमी करता येते.

पहिली खूण मुख्य बेअरिंगांची. ठोकळा उलटा केला म्हणजे क्रँकशाफ्ट, अर्थात भुजादंड, ज्यांत फिरतो त्या अर्धगोल बैठका दिसतात. ए-सीरीज कुलात चार सिलिंडरांना तीन बैठका असतात. पाच बैठका आढळल्यास तो ठोकळा या कुलातला नाही, असे तेथेच समजावे.

दुसरी खूण खालच्या कडेची. मिनीमध्ये एंजिन गाडीत आडवे बसविलेले असून गिअरपेटी त्याच्या थेट खाली असते. दोहोंना एकच तेल पुरते. म्हणून अशा ठोकळ्याची खालची कड गिअरपेटीच्या कवचाशी जुळेल अशी घडविलेली असते. मॉरिस मायनरमध्ये एंजिन लांबीच्या दिशेने असते, गिअरपेटी मागे असते, आणि ठोकळ्याखाली पत्र्याचे तेलपात्र येते. या एका निरीक्षणाने गाड्यांचे दोन गट वेगळे होतात.

तिसरी खूण बाजूच्या खिडक्यांची. लहान व्यासाच्या ठोकळ्यांत, ज्या बाजूस धूर व इंधनवायूचे नळ जोडलेले असतात त्या बाजूला, टॅपेटांपर्यंत हात पोहोचावा म्हणून दोन खिडक्या ठेवलेल्या असून त्यांवर पत्र्याची झाकणे असतात. पुढे मोठ्या प्रमाणावर निघालेल्या साध्या १२७५ घनसेंटिमीटरच्या ठोकळ्यांत ही बाजू बंद असते. मात्र शर्यतींत गाजलेल्या मिनी कूपर एस या गाडीच्या मोठ्या ठोकळ्याला खिडक्या असतात.

चौथी खूण वरच्या पृष्ठभागावरील छिद्रांची. झाकण आवळण्यासाठी सामान्य ठोकळ्यास नऊ ठिकाणी आटे असतात; कूपर एसला दोन्ही टोकांना एकेक वाढवून अकरा असतात. ही खूण उपयोगी असली तरी एकटीवर भिस्त ठेवू नये. कारण छिद्रे मागाहूनही पाडता येतात. कूपर एसला जुन्या गाड्यांच्या बाजारात मोठी किंमत येते, आणि जेथे किंमत असते तेथे बनावटीचा मोहही असतो.

पाचवी खूण काळाविषयीची. १९८० पासून निघालेल्या सुधारित ‘ए-प्लस’ ठोकळ्यांच्या बाहेरील बाजूस मजबुतीसाठी अधिक कणे ओतलेले दिसतात.

व्यास आणि धाव

सिलिंडरच्या आतील व्यास आणि दट्ट्या वर-खाली जितके अंतर चालतो ती धाव, या दोन मापांवरून एंजिनाचे घनफळ निघते. व्यासाचा वर्ग, गुणिले ०.७८५४, गुणिले धाव, गुणिले सिलिंडरांची संख्या, असे हे साधे सूत्र आहे. मापे सेंटिमीटरात घेतल्यास उत्तर घनसेंटिमीटरात मिळते. या कुलातील प्रमुख मापे मिलिमीटरात पुढीलप्रमाणे आहेत.

८०३ घनसेंटिमीटर : व्यास ५७.९१, धाव ७६.२०
८४८ घनसेंटिमीटर : व्यास ६२.९४, धाव ६८.२६
९४८ घनसेंटिमीटर : व्यास ६२.९४, धाव ७६.२०
९९७ घनसेंटिमीटर : व्यास ६२.४३, धाव ८१.२८
९९८ घनसेंटिमीटर : व्यास ६४.५९, धाव ७६.२०
१०९८ घनसेंटिमीटर : व्यास ६४.५९, धाव ८३.७२
१२७५ घनसेंटिमीटर : व्यास ७०.६१, धाव ८१.२८

९४८ च्या एंजिनाचा हिशेब करून पाहावा. ६.२९४ चा वर्ग सुमारे ३९.६१, त्यास ०.७८५४ ने गुणिले असता ३१.११, त्यास ७.६२ ने व पुढे ४ ने गुणिले असता सुमारे ९४८ हे उत्तर येते. इतर ओळींत उत्तर आणि कागदोपत्री आकडा यांत फार तर सुमारे दोन घनसेंटिमीटरांचा फरक पडतो, तो मापांच्या पूर्णांकनामुळे होय.

या आकड्यांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. ७६.२० मिलिमीटर म्हणजे बरोबर ३ इंच, आणि ८१.२८ म्हणजे ३.२ इंच. या यंत्राचे आराखडे इंचात काढले गेले, हे मापेच सांगतात. याउलट मुंबईत कुर्ला येथे प्रीमियर ऑटोमोबाइल्सने बनविलेल्या, फियाट ११०० वर आधारलेल्या गाडीच्या एंजिनाची मापे ६८ व ७५ मिलिमीटर अशी पूर्णांकांत आहेत. सूत्राने त्यांचे घनफळ १०८९ घनसेंटिमीटर येते. प्रीमियर पद्मिनी या नावाने ही गाडी मुंबईची टॅक्सी म्हणून २०२३ पर्यंत धावली. मापांचा अपूर्णांक इंचात सुटतो की मिलिमीटरात, यावरून ठोकळ्याच्या देशाचाही अंदाज बांधता येतो.

ठोकळा काय सांगू शकत नाही

यादीकडे पुन्हा पाहिल्यास एक अडचण ध्यानात येईल. ८४८ व ९४८ यांचा व्यास एकच आहे. तसाच ९९८ व १०९८ यांचाही. त्यांतील भेद केवळ धावेचा आहे, आणि धाव ही ठोकळ्याची नसून भुजादंडाची असते. मिनी प्रथम ९४८ च्या एंजिनावर चालवून पाहिली होती. ती गरजेपेक्षा फार वेगाने पळते असे आढळल्यावर धाव आखूड करून ८४८ चे एंजिन सिद्ध झाले. व्यास तसाच राहिला.

भुजादंड व दट्टे जागेवर असतील तर धाव मोजणे सोपे आहे. दट्ट्या सर्वांत वर आणून ठोकळ्याच्या पृष्ठभागापासूनचे अंतर घ्यावे; मग तो सर्वांत खाली नेऊन पुन्हा घ्यावे. दोहोंतील फरक म्हणजे धाव. भुजादंड सुटा मिळाला तर त्याच्या मुख्य जर्नलांचा व्यासही मोजावा. लहान व्यासाच्या बहुतेक एंजिनांत तो ४४.४५ मिलिमीटर, म्हणजे पावणेदोन इंच असतो. १२७५ मध्ये ५०.८० मिलिमीटर, म्हणजे दोन इंच. एमजी मिजेट या क्रीडा-मोटारीतील नंतरच्या १०९८ च्या एंजिनातही दोन इंची जर्नल आढळतात. पण ठोकळा रिकामा असेल, तर धावेबद्दल तो थेट काही सांगणार नाही. अशा वेळी उत्तर ‘अमुक किंवा तमुक’ असेच द्यावे लागते.

झीज आणि पुनर्छेदन

व्यास मोजणे वाटते तितके सरळ नसते. दट्ट्याची कडी वर्षानुवर्षे घासून सिलिंडर झिजतो. तोही सर्वत्र सारखा नाही. कडीच्या वरच्या टोकाजवळ आणि भुजादंडाच्या अक्षाशी काटकोनात असलेल्या दिशेस झीज अधिक होते. अगदी वरच्या कडेशी, जेथे कडी पोहोचतच नाही, तेथे न झिजलेली एक अरुंद पट्टी उरते. तसाच तळाचा भागही बराचसा मूळ मापाचा राहतो. म्हणून प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये व खाली, आणि प्रत्येक ठिकाणी दोन काटकोनी दिशांनी मोजावा. हवेतील उष्णतेची फारशी काळजी करण्याचे कारण नाही. तापमान दहा अंशांनी वाढले तरी एवढ्या व्यासाचा बिडाचा सिलिंडर सुमारे ०.००७ मिलिमीटरच फुगतो.

झिजलेला सिलिंडर पुन्हा गोल करण्यासाठी कारागीर तो यंत्रावर कापून किंचित मोठा करतात व मोठ्या मापाचा दट्ट्या घालतात. कारखान्याच्या भाषेत हे बोअरिंग होय. इंग्लिश एंजिनांत ते ठरावीक पायऱ्यांनी होते : ०.०२० इंच म्हणजे ०.५१ मिलिमीटर, ०.०४० इंच म्हणजे १.०२, आणि ०.०६० इंच म्हणजे १.५२. या पायऱ्यांमुळे चमत्कारिक साम्ये उद्भवतात. ९९७ चा ठोकळा पहिल्या पायरीने कापला की ६२.४३ अधिक ०.५१ म्हणजे ६२.९४, म्हणजेच ८४८ व ९४८ यांचे मूळ माप, मिळते. ९४८ चा ठोकळा १.५२ ने वाढविला की ६४.४६ होतो, आणि ९९८ चे मूळ माप आहे ६४.५९. दोहोंत उरले अंतर ०.१३ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम जाडसर कागदाएवढे!

एक प्रत्यक्ष निर्णय

समजा, पट्टी नसलेला एक ठोकळा समोर आहे. बैठका तीन, छिद्रे नऊ, बाजूस दोन खिडक्या. खालची कड पत्र्याच्या तेलपात्राची. तेव्हा तो ए-सीरीज कुलातील, लहान व्यासाचा आणि लांबीच्या मांडणीचा आहे. चारही सिलिंडरांच्या वरच्या न झिजलेल्या पट्टीत व्यास ६४.४६ भरला, तळाशीही तेवढाच, आणि मध्ये ६४.५५.

मधल्या मापावर विसंबणारा कारागीर हे ९९८ किंवा १०९८ चे एंजिन मानील. तो फसेल. झिजेने व्यास वाढतो. कधीही कमी होत नाही. ज्याचे मूळ माप ६४.५९ होते, तो ठोकळा कोठेही ६४.४६ भरणे शक्य नाही. याउलट ६२.९४ मापाचा ठोकळा १.५२ ने कापला व नंतर थोडा झिजला, असे मानल्यास तिन्ही मापे जुळतात. जुना दट्ट्या सापडला तर त्याच्या माथ्यावर वाढीव मापाचा आकडा ठोकलेला बहुधा आढळेल. तो साक्ष देईल.

आता ९४८ की ८४८? लांबीच्या मांडणीत ९४८ चे एंजिन मॉरिस मायनर १००० व ऑस्टिन ए३५ या गाड्यांत होते, आणि ८४८ चे प्रामुख्याने मिनीत. म्हणून ९४८ अधिक संभवनीय. परंतु ए३५ च्या मालवाहू व्हॅनमध्ये पुढे ८४८ चेही एंजिन बसविले गेले. भुजादंड हाती येईपर्यंत निर्णय ‘बहुधा ९४८’ एवढाच ठेवणे शास्त्रीय होय.

या निर्णयाचे मोल व्यवहारात दिसते. हा ठोकळा ९९८ चा समजून पुढच्या पायरीने आणखी कापला असता, तर मुळात कमी व्यासासाठी ओतलेल्या भिंतीतून दोन मिलिमीटरांहून अधिक व्यासवाढ झाली असती. तशी भिंत पाण्याच्या दाबाला व उष्णतेला टिकेल याची हमी नसते. एक वजाबाकी वेळेवर केल्याने ठोकळा वाचतो. तीच गोष्ट झाकणाची : ‘१२जी ९४०’ हे मोठ्या एंजिनाचे झाकण ९९८ च्या ठोकळ्यावर तसेच ठेवले तर धूर सोडणाऱ्या झडपा उघडताना ठोकळ्याच्या पृष्ठभागास भिडतात, तेथे खोबणी कापाव्या लागतात.

येथे एक अपवाद नोंदविला पाहिजे. फार झिजलेल्या सिलिंडरात बिडाची नवी नळी दाबून बसवून मूळ माप परत आणता येते. अशा ठोकळ्याच्या वरच्या पृष्ठभागावर सिलिंडरभोवती एक बारीक वर्तुळाकार सांधा दिसतो. तो दिसल्यास मापाची साक्ष दुबळी होते, आणि ओतकामाच्या क्रमांकाला व बाह्य खुणांना अधिक वजन द्यावे लागते.

घासून काढलेला क्रमांक

काही एंजिनांत क्रमांक पट्टीवर नसून ठोकळ्याच्या अंगावरच ठोकलेला असतो. चोरीच्या गाडीत तो कानशीने घासून टाकल्याची उदाहरणे पोलीस-तपासात नेहमी येतात. पण आकडा दिसेनासा झाला म्हणजे नाहीसा झालाच असे नाही. ठशाच्या आघाताने खाचेच्या खालील धातूचे कणही दबून विकृत होतात. खाच घासली गेली तरी ही विकृती काही खोलीपर्यंत शिल्लक राहते. पृष्ठभाग गुळगुळीत करून त्यावर विशिष्ट आम्लद्रव लाविला की विकृत व अविकृत भाग भिन्न वेगाने झिजतात आणि पुसलेला आकडा अंधुकपणे उमटतो. तो क्षणिक असू शकतो. म्हणून लगेच त्याचे छायाचित्र घेतात. पोलादावर ही रीत चांगली चालते. बीड ठिसूळ असल्याने त्यात अशी विकृती कमी राहते व यशाची शक्यताही कमी असते.

हा प्रयोग न्यायवैद्यक प्रयोगशाळेतच व्हावयास हवा. संशयास्पद जागा कोणी हौसेने घासून चकचकीत केली, तर उरलासुरला पुरावाही नष्ट होतो. भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार गाडीची नोंद होते आणि एंजिन बदलल्यास ती नोंदही दुरुस्त करून घ्यावी लागते. म्हणून कानशीच्या खुणा दिसलेला ठोकळा विकत घेण्यापूर्वी त्याची कागदपत्रे मागणे हाच शहाणपणाचा मार्ग होय.

विद्यार्थ्यांसाठी

हा अभ्यास करण्यास मोठी साधने लागत नाहीत. शाळेच्या प्रयोगशाळेतील व्हर्नियर मापक, खडू, भिंग आणि वही एवढ्यावर आरंभ होतो. जवळच्या दुरुस्तिशाळेत एखादा मोडीत निघालेला ठोकळा असेल तर मालकाच्या परवानगीने तो पाहावा. वहीत तीन रकाने आखावेत : पहिल्यात प्रत्यक्ष दिसलेली किंवा मोजलेली गोष्ट, दुसऱ्यात तिच्यावरून निघणारे अनुमान, आणि तिसऱ्यात ते अनुमान चुकीचे ठरविणारी एखादी शक्यता. तिसरा रकाना रिकामा ठेवू नये. ‘छिद्रे अकरा’ हे निरीक्षण आहे; ‘कूपर एस’ हे अनुमान आहे; ‘दोन छिद्रे मागाहून पाडली असतील’ ही शक्यता आहे. त्या दोन छिद्रांचे आटे इतरांसारखे जुने आहेत का, हे पाहिले की पुढची पायरी आपोआप सुचते.

लोखंडाच्या ठोकळ्याला वाचा नसते; पण तो घडविताना झालेले प्रत्येक काम त्याच्या अंगावर काही ना काही माप ठेवून गेलेले असते. ती मापे धीराने घेणे, त्यांतून जेवढे निघते तेवढेच म्हणणे, आणि जेथे पुरावा थांबतो तेथे आपणही थांबणे, एवढी शिस्त पाळली तर पट्टी हरवलेल्या ठोकळ्यालाही त्याचे योग्य नाव परत मिळते.